पेव्हर ब्लॉकखालची वस्ती

मृगाचे किडे. कंपनीच्या गेटच्या आत, टाइम ऑफिससमोर, लाल मातीची उघडी पट्टी होती. पहिल्या सरी पडून गेल्या आणि सकाळचं ऊन आलं की तिथे मखमली लाल ठिपके चालायला लागायचे. पंचिंगच्या रांगेतली माणसं सेफ्टी शूज जपून टाकायची. कुणी एखादा उचलून तळहातावर घेतला की तो पाय पोटाशी ओढून निपचित पडायचा. जरा दुर्लक्ष केलं की पुन्हा चालायचा. नाव किड्याचं, पण पाय आठ, कूळ कोळ्या-गोचिडांचं. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो. वर येतो तो सुरुवातीच्या पावसात, थोडेच दिवस, वाळवी खाण्यासाठी आणि जोडीदारासाठी. त्याची पिल्लं नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून वाढतात. म्हणजे त्याला लागतं ते इतकंच: वर येता येईल अशी माती, मातीत वाळवी, कडेला गवत आणि गवतात नाकतोडे. एका परदेशी ग्राहकाचं ऑडिट ठरलं आणि बघता बघता पट्टीवर पेव्हर ब्लॉक बसले. मृग अजून ७-८ जूनलाच लागतो.

रिकामे प्लॉट. हा काही जीव नव्हे, तरी इथल्या लहान जिवांच्या या यादीत घ्यायलाच हवा, कारण पुढचे निम्मे रहिवासी त्याच्याच आसऱ्याने राहिलेले. पास्थळ, सालवड, कोलवडे, कुंभवली, पाम या गावांमध्ये तारापूर एमआयडीसी पसरली. कारखान्यांच्या मधे बंद पडलेले, कोर्टात अडकलेले, ‘पुढच्या विस्तारासाठी’ राखून ठेवलेले प्लॉट असायचे. पावसात तिथे कमरेएवढं गवत आणि घोटाभर पाणी. कुणी साफ करत नसे, कारण साफ करायचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं ते ठरत नसे. या भांडणावर बेडकांच्या कैक पिढ्या जगल्या.

पिवळे बेडूक. मोठ्या पावसानंतरच्या पहिल्या रात्री मोठ्या बेडकांचे नर पिवळेधमक होतात, जबड्याखाली दोन निळ्या पिशव्या फुगतात, आणि रात्रपाळीच्या माणसाला बॉयलरपेक्षा त्यांचाच आवाज जास्त येतो. १९८७ पर्यंत आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. त्या वर्षी निर्यातीवर बंदी आली. तंगड्यांचा धंदा थांबला. डबकी बुजवण्याचा धंदा तेजीत आहे.

तारापूरचं नाव निघालं की लोक सांडपाण्यावर येतात. बरोबरच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत हे औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं. असा पहिला नंबर कुणी पेढे वाटून साजरा करत नाही. शेजारच्या डहाणू तालुक्याला जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून थोडं कवच दिलं. खाडीपलीकडचं चिंचणी त्या तालुक्यात, अलीकडचं तारापूर पालघर तालुक्यात, आणि कवच खाडीपलीकडेच राहिलं. तरी गेटच्या आत, कामावर असताना, मी जे जाताना पाहिलं ते रसायनाने कमी आणि नीटनेटकेपणाने जास्त गेलं. कुजका ओंडका उचलला, गवत काढलं, पाचोळा जाळला, भेग बुजवली, कोपरा रंगवला. लहान जिवांना आपली दया लागत नाही. आपण तिकडे बघितलं नाही तरी त्यांचं भागतं.

मुठे आणि वलगण. उमरोळी ते बोईसर रुळांच्या दोन्ही अंगांना भातखाचरं होती. काही अजून आहेत. त्यांच्या बांधांत बिळं करून गोड्या पाण्याचे खेकडे राहतात, ते मुठे. पहिल्या पावसाच्या रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं त्यांच्यामागे फिरतात. त्याच सुमारास ओढ्यातून शेतात चढणारे मासे म्हणजे वलगण. या माशांना लागतं ते फक्त सलग पाणी. मालवाहू रेल्वेचा भराव आला, बुलेट ट्रेनचं काम आलं, एनए प्लॉटवर मुरूम पडला. भरावाखालून पाणी जायला पाइप टाकतात, नाही असं नाही. पण पाइपाचं तोंड ओढ्यापेक्षा दोन हात वर राहिलं की पाणी खाली पडत राहतं आणि मासा वर चढत नाही. कागदावर जलमार्ग कायम असतो. वलगण मात्र तिथेच संपलेली असते. दोन हात उंची कमी ठेवायला किती खर्च आला असता, हे मी एका साइट इंजिनिअरला विचारलं. त्याने मला मासे कुठले चांगले मिळतात ते सांगितलं.

अळिंबी. इथे जरा थांबायला हवं.

जूनमध्ये बाजारात आधी शेवळं येतात, सोबत त्यांची खाज मारायला काकडाची आंबट फळं. मग टाकळा, कुर्डू, कंटोळी. श्रावण लागला की पाड्यांवरच्या बायका सागाच्या पानांवर अळिंबीचे वाटे लावून बसतात. भाव विचारून माणसं दचकतात, मग घेतात. ही मॉलमधली बटण अळिंबी नव्हे. वारुळाची आहे, आणि वारुळाशिवाय होत नाही.

वारूळ रचणारी ही वाळवी लाकूड-पाचोळा चावून वारुळाच्या पोटात त्याचे सच्छिद्र मळे रचते. त्या मळ्यांवर बुरशी वाढते. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला एकटीने पचत नाही तो बुरशी मऊ करते, आणि मग वाळवी ते खाते. दोघींची ही भागीदारी सुमारे ३ कोटी वर्षांची. माणसाची शेती फार तर १० ते १२ हजार वर्षांची आहे, तेव्हा अनुभव कुणाचा जास्त हे उघड आहे. पावसात त्या बुरशीला फळ धरतं. टोपीच्या मधोमध एक कठीण टोक असतं, ते माती फोडून वर येतं. देठ धरून हलकेच उकरत गेलं तर तो मुळासारखा निमुळता होत थेट त्या मळ्यापाशी जाऊन पोचतो. शेडमध्ये, पिशवीत, भुशावर ही अळिंबी पिकवण्याचे प्रयत्न झाले, पण बाजारात आणण्याइतकं कुणाला जमलेलं नाही. वाळवीच्या अटी वाळवीच जाणे.

दरवर्षी जवळपास त्याच जागी, त्याच पंधरवड्यात ती उगवते. म्हणून जागा ठाऊक असणं ही घरातली मिळकत. आई मुलीला दाखवते, गावभर सांगत नाही. मी ज्यांच्याकडून घेतो त्या मावशींचे वाटे लहान झाले तेव्हा विचारलं, यंदा पाऊस कमी झाला का? “पावसाचा काय नाय, दादा. वारूळ होतं तिथं गोडाऊन झालाय.” मग त्यांनी वाट्यातली एक मोडकी छत्री बाजूला काढली आणि तिच्या जागी चांगली ठेवली. भाव तोच सांगितला.

एनए झालेल्या जमिनीवर जेसीबी पहिलं काम काय करतो तर वारूळ सपाट करतो. दुसरं काम, पायाच्या खड्ड्यात वाळवीचं औषध. हे दुसरं काम चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याही घराच्या पायात ते ओतलेलं आहे.

लॉनवरची पांढरी छत्री. गेलेल्यांच्या यादीत हिचं नाव नाही. उलट, लॉन वाढले तशी ही वाढली. कंपनीच्या बागेत ऑगस्टमध्ये रुबाबात उभी राहते, कधी गोल रिंगण धरून. कोवळेपणी खाण्याच्या जातींसारखी दिसते. जुनी झाली की खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक चढते, तो तिच्या बीजाणूंचा रंग. खाल्ली तर काही तासांत उलट्या आणि जुलाब. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण काळी पडली तर विषारी, या परीक्षा खोट्या आहेत. कित्येक घातक जातींसोबत शिजवूनही नाणं जसंच्या तसं राहतं. कॅन्टीनवाल्याला हे दोनदा सांगून झालं आहे.

तुटक्या पॅलेटवरच्या बुरश्या. स्टोअरच्या मागे मोडक्या लाकडी पॅलेटचा ढीग पडायचा. स्क्रॅपवाला येईपर्यंत एकदोन पावसाळे जायचे, आणि तेवढ्यात तिथे एक गाव वसायचं. सगळ्यात आधी यायची शायझोफायलम कम्युन नावाची चिवट बुरशी: नखाएवढी, पंख्याच्या आकाराची, वरून पांढरट लोकरीची. उलटी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून पाहिली तर खालचा प्रत्येक पापुद्रा उभा चिरलेला दिसतो. हवा कोरडी झाली की चिरेच्या दोन्ही कडा बाहेर वळतात आणि बीजाणूंची जागा झाकून टाकतात. एकदा बाटलीच्या झाकणातून तिच्यावर पाणी टाकलं आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहिलं तर वळलेल्या कडा सरळ होऊन चिरा मिटल्या होत्या. वाळून खडखडीत झालेली होती, मेलेली नव्हती. हिच्यात नर-मादी असे दोनच प्रकार नाहीत. जोडी जुळण्याच्या हिशेबाने २३ हजारांहून जास्त प्रकार आहेत. मणिपूरमध्ये हिला कांगलायेन म्हणतात आणि आवडीने खातात. आपल्याकडे ती स्टोअर ऑडिटमध्ये ‘हाउसकीपिंग – असमाधानकारक’ या शेऱ्यात येते.

त्याच ढिगाच्या तळाशी, भुसा आणि चिखल जिथे एक झालेला असे, तिथे चिमुकल्या वाट्या उगवायच्या. करंगळीचं टोकही आत जाणार नाही एवढ्या. प्रत्येक वाटीत मोहरीएवढ्या चपट्या करड्या गोळ्या, बीजाणूंनी भरलेल्या. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की गोळी उसळते, कधी मीटरभर लांब जाते, आणि मागच्या बारीक चिकट दोरीने गवताच्या काडीला अडकते. म्हणजे हिला थेंब पडायला उघडं आभाळ हवं, कुजायला लाकूड हवं आणि जवळपास गवत हवं. शेड घातली तर थेंब नाही, काँक्रीट केलं तर गवत नाही.

आता दोन्ही केलं आहे. शिवाय परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पॅलेटला उष्णता देऊन आतली कीड-बुरशी मारावी लागते, तसा शिक्का लाकडावर मारलेला असतो. उरलेल्या कामाला प्लास्टिकचे पॅलेट आले. त्यावर काही म्हणजे काही उगवत नाही.

कुंभारीण. इलेक्ट्रिक पॅनलच्या मागे, केबल आत जाण्याच्या भोकाशी, मातीचे कप्पे. बारीक कमरेची एक माशी ओल्या मातीचा गोळा तोंडात धरून येते, त्याची पट्टी पसरते, परत जाते. माती आणते कुठून म्हणून मी तिच्यामागे नजर लावली: कूलिंग टॉवरचा एक जॉइंट गळत होता, त्याखालच्या चिखलातून. पुढे मेंटेनन्सवाल्याने स्क्रू ड्रायव्हरने घर खरवडलं तेव्हा एक कप्पा फुटून टेबलावर सांडला. आतून कोळी पडले, सगळे लहान, हिरवट-पिवळे, बागेतले. मेलेले नव्हते. पाय हलत होते, चालता येत नव्हतं. ती डंख मारून त्यांना लुळं करते, एकावर अंडं घालते, कप्पा लिंपून टाकते. अळी बाहेर आली की ताजं अन्न समोर तयार. पॅनलमध्ये माती असणं धोक्याचं आहे, त्या माणसाने त्याचं काम केलं. जॉइंटही नंतर बदलला. गळती थांबली, बाईही यायची थांबली, आणि याबद्दल कुणाकडे तक्रार करावी असं काही त्यात नाही.

ओंबील. हरित पट्ट्यातल्या झाडांवर पानं शिवून घरं करणाऱ्या तांबड्या मुंग्या. शिवायला दोरा त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून निघतो. कामकरी मुंग्या अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात. परवान्याच्या अटीत हरित पट्टा असतो, तो मोजायला माणसं येतात. झाडं मोजतात. माळ्याला चावतात म्हणून ओंबीलची घरं काढून जाळतात. मोजणीच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

दगडफूल. गोड्या मसाल्यातलं नव्हे, ते डोंगराळ जंगलांतून येतं. पण त्याचे गरीब नातेवाईक आंब्या-नारळाच्या खोडांवर राखी-हिरव्या ठिपक्यांत इथेही राहतात: बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मूळ नाही, साल नाही. जे काही घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून. त्यामुळे हवेत गंधकाचा धूर वाढला की हे आधी जातात. १८६६ साली विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत ही गोष्ट टिपली होती. पालघरला आमच्या गल्लीतल्या आंब्यावर हाताच्या पंजाएवढे ठिपके आहेत. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावरच्या झाडांवर दुपारच्या फेरीत मी शोधत असतो. काळी पूड मिळते. बोटाला लागते.

निवटी, कालवं. दांडी-नवापूरच्या खाडीवर ओहोटीला चिखलात उड्या मारणारा मासा म्हणजे निवटी. डोळे डोक्यावर, तोंडात पाण्याचा घोट साठवलेला, कातडी ओली असेपर्यंत पाण्याबाहेर आरामात. बाया गुडघाभर चिखलात उतरून हाताने धरायच्या. बिळाचं दुसरं तोंड पायाने दाबायचं, पहिल्यात हात घालायचा. खडकांवरची कालवं अणकुचीदार लोखंडाने फोडून काढायच्या. होडी नाही, डिझेल नाही, जाळं नाही. भरती-ओहोटीचं गणित आणि दोन हात एवढ्यावर चालणारी मासेमारी, आणि मुख्यतः बायकांची. एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरला समुद्रात जातं. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं, २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. त्या खटल्यात आकडे कोटींचे आहेत. निवटी मात्र कुठल्याच आकड्यात येत नाही, कारण ती लिलावाला जात नसे. ती संध्याकाळच्या कालवणात जायची. सातपाटीच्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. मिळायलाच हवा होता. निवटीसाठी असा ठराव कोण मांडणार? दिसायलाही बरी नाही.

खाडीवर गेलो की एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: इथे माझा नीटनेटकेपणाचा सिद्धांत चालत नाही. इथे सरळ विषच आहे.

काजवे. रात्रपाळीला जाताना सरावलीच्या बाजूला, पावसाआधीच्या आठवड्यांत, झाडाझुडपांत दिसायचे. नर लुकलुकतो, मादी खालून उत्तर देते. आजूबाजूला उजेड असला की उत्तर दिसत नाही. आधी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते. आता पांढरे एलईडी आले, कंपाउंडलाही आणि गोडाऊनच्या चारी बाजूंनाही. चोर आणि काजवे एकाच खर्चात गेले.

पतंग. सोडियमच्या पिवळ्या उजेडापेक्षा पांढऱ्या दिव्याकडे हे जास्त ओढले जातात. सिक्युरिटी केबिनच्या भिंतीवर सकाळी सहाला तळहाताएवढे पतंग बसलेले मिळायचे. अजूनही एखादा मिळतो. साडेसहाला झाडूवाला येतो, त्याच्या आधी पोचावं लागतं.

चतुर. हे आहेत. पाऊस संपत आला की कूलिंग टॉवरवर आणि ट्रक पार्किंगवर पिवळट चतुरांचे थवे तरंगत असतात. डबक्यात दीड-दोन महिन्यांत त्यांचं बालपण उरकतं, म्हणून ट्रकच्या चाकाने पडलेला खड्डाही त्यांना पुरतो. आपल्याकडून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून ते आफ्रिकेला जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. खराब रस्त्यांचा फायदा झालेला निदान एक प्रवासी आपल्याला ठाऊक असावा.

आफ्रिकन गोगलगाय. ही एकोणिसाव्या शतकात भारतात आणली गेली, आणि इथवर पोचायला तिने घाई केली नाही. पेव्हर ब्लॉक, लॉन, शोभेची झाडं, कंपाउंडची ओली भिंत, जे बाकीच्यांना मानवत नाही ते सगळं हिला मानवतं. ऑगस्टच्या रात्री गेटपासून कॅन्टीनपर्यंत चालताना पायाखाली शंख फुटतात. माळ्याने तक्रार केली, ॲडमिनने परिपत्रक काढलं, आणि आता रात्रपाळीचे वॉचमन हातमोजे घालून त्या गोळा करतात, मिठाच्या पाण्यात टाकतात आणि सकाळी गेट रजिस्टरमध्ये, ट्रक नंबरांच्या खाली, नोंद करतात: ‘गोगलगाय – दीड बादली.’ कंपनीच्या कागदपत्रांत वन्यजीवांची एवढी एकच नोंद आहे. खाली सही लागते.